हात वर होतो, पोळी लाटता येत नाही

माझ्या बायकोचा उजवा खांदा माझ्यामुळं आखडला. डॉक्टरांच्या कागदावर आमवात लिहिलेलं आहे आणि ते खरंच आहे, पण त्या वर्षी आमवात होता तेवढाच होता. जास्तीचं जे झालं, ते मी चारचौघांत हसत बोललेल्या एका वाक्यानं झालं. ते वाक्य सांगितल्याशिवाय आज आमच्या ओट्यावर आम्ही दोघं सकाळी काय करत बसतो, हे कुणाला समजायचं नाही.

आम्ही मांडवगण फराट्याचे. मी रांजणगावला एका कंपनीत स्टोअर सांभाळायचो, कंपनीच्या बसनं जाऊन-येऊन. हिला आमवात धरला तेव्हा मुलगी अजून शाळेत होती. सकाळी उठल्यावर हिची बोटं मिटायची नाहीत आणि मिटली तर उघडायची नाहीत. बरणीचं झाकण, नळाची तोटी, साडीची पिन, सगळ्यांशी रोज झटापट. दौंडला एक फिजिओथेरपिस्ट बाई आहेत, त्यांनी हिला खुर्चीतला व्यायाम शिकवला. कोमट पाण्यात हात बुडवून बोटांची उघडझाप करायची. खांदे गोल फिरवायचे. पाण्याच्या लहान बाटल्या हातात धरून हळूहळू डोक्यावर न्यायच्या. खिडकीचा गज धरून टाचा उचलायच्या. दुखायला लागलं की थांबायचं. सांधे सुजलेले असतील त्या दिवशी नुसती बोटं हलवायची, पण काहीतरी हलवायचंच.

ही ते ओट्यावर करायची. सकाळचं ऊन तिथंच येतं आणि उन्हात तिचे सांधे लवकर मोकळे होतात. रस्ता ओट्याला लागून आहे. डेअरीला दूध घालायला जाणारे, शाळेची पोरं, उसाचे ट्रॅक्टरवाले, सगळे बघत जायचे. मला ते आवडायचं नाही. पण तेव्हा मी काही बोलत नव्हतो.

माझी थोरली बहीण, अक्का, कासुर्डीला दिलेली आहे. तिच्या मुलीचं लग्न निघालं. आमच्याकडं मामीनं लग्नाच्या आधीच जाऊन राबायचं असतं. लाडू वळायचे, पोळ्या लाटायच्या, पाहुण्यांची उठबस करायची. ही गेली, पण एका कडेला बसून राहिली. बायकांनी विचारलं की मीच सांगायचो, "तिचा हात चालत न्हाई." ते खरं होतं. लाडू वळायचा तर मूठ घट्ट मिटावी लागते. लाटणं धरलं की सगळा भार मनगटावर येतो.

लग्न झाल्यावर आठवड्याभरात अक्का दोन जावांना घेऊन लाडू-चिवडा द्यायला आली. सकाळचीच आली, न कळवता. ही खुर्चीत बसलेली, दोन्ही हात वर, हातांत बाटल्या.

अक्का गाडीतून उतरता उतरताच ओरडली, "अगं बया! लग्नात पोळीला हात चालंना, आन् इथं तर आभाळाला लागलेत की!"

जावा हसल्या. हिनं बाटल्या खाली घेतल्या आणि माझ्याकडं बघितलं. मी दारात उभा होतो. मी आता काहीतरी बोलेन, असं तिला वाटलं असणार. मी बोललोही.

"मलाबी कळंना अक्का. हिचा आजार कामाच्या वेळंला येतो आन् काम सरलं की जातो."

सगळे हसले. हीसुद्धा हसली, आणि ते मला आजही सगळ्यांत जास्त लागतं. मग खुर्चीच्या हातावर कोपर टेकवून, ती जशी उठते तशी सावकाश उठली आणि चहा ठेवायला आत गेली.

पाहुणे गेल्यावर मी खुर्ची उचलून आतल्या खोलीत ठेवली. "लोकं काय म्हणत्यात, बघितलंस ना?" एवढंच म्हणालो. दुसऱ्या दिवशी ओट्यावर कुणी नव्हतं. मला बरं वाटलं. हेही कबूल करतो.

दिवाळीपर्यंत हिचा उजवा हात कानापर्यंत जाईना. थंडीत ब्लाउजच्या बाहीत हात घालताना ती भिंतीकडं तोंड करून उभी राहायची, मला चेहरा दिसू नये म्हणून. मुलगी तोवर शिकायला बाहेरगावी गेली होती, म्हणून वेणी घालायला शेजारच्या काकू यायच्या. एकदा त्या गावाला गेल्या तेव्हा मी कंगवा हातात घेतला. "ओढू नका," ती म्हणाली.

दौंडला गेलो. बाईंनी हात धरून हळूच वर करून पाहिला आणि विचारलं, "छान चाललं होतं की. सोडला का व्यायाम?"

"वेळच न्हाई मिळाला," ही म्हणाली.

मी शेजारच्या स्टुलावर बसलो होतो. बाई म्हणाल्या, आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. खांदा किती सुटेल ते आज सांगता येणार नाही, कदाचित पूर्ण सुटणारही नाही. ही मान हलवत होती. माझं नाव तिनं घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

घरी ती भिंतीपाशी उभी राहून बोटं भिंतीवर चढवायला लागली. बोटं खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत जायची आणि तिथंच अडायची. हे सगळं आतल्या खोलीत, कुणाला न दिसता.

मग माझी पाळी आली. शुगर मला आधीपासून होती. त्यात मणक्यात गॅप निघाली. डाव्या पायाला मुंग्या यायच्या, स्टोअरमध्ये उभं राहवेना. नोकरी सोडली. त्याच बाईंनी मलाही खुर्चीतलेच व्यायाम दिले. मी ते दार लावून करायचो. पन्नाशीचा माणूस खुर्चीत बसून गुडघा उचलतोय, हे कुणी बघायला नको होतं.

एका सकाळी हिनं कोपरानं दार ढकललं.

"दार का लावलंय?"

"असंच."

"लोकं काय म्हणत्याल म्हणून?"

मी उचललेला गुडघा खाली घेतला.

"मला तुम्ही आत घातलं. आता सोताबी आतच बसलाय. मग ओटा काय लोकांसाठी ठिवलाय आपण?"

मी उठलो. तिला खुर्ची उचलता येत नाही. तिनं ती पायानं ढकलत, थांबत, पुन्हा ढकलत उंबऱ्यापर्यंत नेली. तिथं अडली तेव्हा माझ्याकडं बघून म्हणाली, "आता उचला की. का तेबी दार लावून करायचंय?"

तेव्हापासून आम्ही दोघं ओट्यावर बसतो. दोन खुर्च्या, चार बाटल्या. पहिल्या आठवड्यात गावाची चांगली करमणूक झाली. समोरचे आप्पा सायकल थांबवून म्हणाले, "काय वो, उडायला शिकताय का दोघं?"

ही लगेच म्हणाली, "व्हय आप्पा. पहिलं तुमच्याच पत्र्यावर उतरणार. तेवढी कबुतरं हाकलून ठेवा."

पण एक गोष्ट मला तिथं बसल्यावरच दिसली. येणारे-जाणारे मला म्हणायचे, "बरं केलंत, तब्येत जपलीच पायजे." आणि तिला म्हणायचे, "तुम्हाला काय झालंय? चांगल्या तर दिसताय." खुर्च्या सारख्या, बाटल्या सारख्या. मी केलं की तब्येत जपणं आणि तिनं केलं की सोंग. हे गावानं शोधून काढलेलं नाही. आमच्या घरापुरतं तरी ते आधी मीच बोललो होतो.

बाईमाणसाला बाजेवर निजलेलं बघितलं की लोकांना आजार पटतो. बघायला येतात, बिस्किटचे पुडे आणतात, हळहळतात. तीच बाई उन्हात बसून हात हलवायला लागली की म्हणतात, मग कामाला काय झालंय? म्हणजे आजारी असल्याचा पुरावा म्हणून तिनं निजून राहायचं, आणि निजून राहून आणखी आखडायचं. आम्ही ते करणार नाही. आम्ही बरे होणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. माझा मणका नवा होणार नाही, तिची बोटं सरळ होणार नाहीत. उद्या स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत जाता यावं, कप स्वतःच्या हातानं तोंडाला लावता यावा, एवढ्यासाठी आम्ही हे करतो. ते कुणाला कमी वाटत असेल तर वाटू दे. कुणाला हसायचं असेल तर रस्ता सरकारी आहे, उभं राहून हसावं.

खांदा थोडा सुटला. हात कपाळापर्यंत जातो, मागं जात नाही. शिरूरला पार्लरमध्ये जाऊन ही केस मानेपर्यंत कापून आली. "आता रोज कुणाची वाट बघायची न्हाई," म्हणाली. त्याचीही गावात चर्चा झाली. ती दुसऱ्या दिवशी त्याच ओट्यावर, त्याच उन्हात बसली.

भाद्रपदात आमच्या वडिलांची तिथ असते. पितरांच्या जेवणाला अक्का आली, तिच्या जावा आल्या, भावकीतली माणसं आली. पुरणपोळ्या गल्लीतल्या एका ताईंना ऑर्डर देऊन करून घेतल्या होत्या. पानं वाढून झाली. अक्कानं पोळी उलटीपालटी करून बघितली.

"इकतच्या व्हय? पितरांना इकतची पोळी?" मग हिच्याकडं बघून म्हणाली, "आन् सकाळी तर दोघंबी हात वर करून बसला व्हता म्हणं. मला वाटंतच सांगितलं एकानं."

ही चटणी वाढत होती. तिनं या वेळी माझ्याकडं बघितलं नाही. बघायचं तिनं सोडून दिलं होतं.

मी म्हणालो, "बसलो व्हतो. उद्याबी बसणार. हात वर होतो अक्का, पोळी लाटता येत न्हाई. दोन्ही खरं हाय. तू बीपीची गोळी खातीस ना? गोळी गिळता येते म्हणून तुला कुणी पोतं उचल म्हणलं का?"

"अरे, मी आपली गमतीनं..."

"तुझी गंमत असंल. तुला तिचं दुखणं दिसत नव्हतं. मला रोज दिसत व्हतं."

कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या, पानावर बसून भांडू नये." मी पानावरून उठलो. मणका धरला होता, म्हणून भिंतीचा आधार घेऊन उठलो आणि हिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिच्या हातात चटणीची वाटी तशीच होती.

"तुझा आजार कामाच्या वेळंला येतो, असं मी ह्याच माणसांसमोर म्हणालो व्हतो," मी म्हणालो. "ते खोटं व्हतं. खोटं हाय हे ठाऊक असून बोललो, चार माणसं हसावीत म्हणून. मग तुझी खुर्चीबी मीच आत टाकली. तुझा खांदा माझ्यामुळं गेला. दौंडला तू मला झाकलंस, तेबी मला कळलं व्हतं आन् मी गप बसलो. माझं चुकलं. मला माफ कर."