टॉवरखालचा वेग

जुन्याच टॉवरवर नवं यंत्र बसलं आणि नवऱ्याच्या डोक्यात हवा गेली. तो मोबाइल कंपनीत नेटवर्क तपासायला होता. गाडीतून शहरभर हिंडायचं आणि फोनवर इंटरनेट किती पळतं ते मोजायचं, एवढंच काम. पण टेंभा असा मिरवायचा, जणू टॉवर यानेच खांद्यावर वाहून आणला. पूर्वी लहरीच्या एका ठोक्यात माहितीचा एकच तुकडा जायचा, आता तीन जातात, हे त्याने सासूला, न्हाव्याला, अगदी दूधवाल्यालाही ऐकवलं. बायको घरी पडदे शिवायची. ऐकून ऐकून तिचे कान किटले.

त्याच तोऱ्यात त्याने घरातली इंटरनेटची तार काढून टाकली. आपल्याच घरात तार दिसली तर लोक हसतील म्हणे. लोकांना दुसरे उद्योगच नाहीत ना!

आणि नेमकं तेव्हाच एका नव्या हॉटेलने तिच्याकडे पडद्यांचे नमुने मागितले. सगळ्या खोल्यांचं काम. वर्षभराची ददात मिटली असती. फोटो सकाळीच पाठवा, दुपारी आम्ही ठरवणार, असं मॅनेजरने बजावलं होतं. तिने पाठवले. पाठवले कसले, जागच्या जागी गोल फिरत बसले. खिडकीत उभं राहून झालं, गच्चीवर जाऊन झालं, स्टुलावर चढून हात उंच करून झालं. फोटो ढिम्म. नवऱ्याला फोन केला तर म्हणे, वेग तिप्पट आहे, आत्ताच मोजला, तुझाच काहीतरी घोळ असणार.

शेवटी दुपारी ती तडक टॉवरकडेच निघाली. खाली कंपनीची गाडी उभी. आत स्वारी सीट मागे टाकून घोरत पडलेली, आणि पुढ्यातला फोन आपला आपण वेग मोजतोय.

तिने काच वाजवली. "तुम्ही रोज इथेच मोजता?"

"मग काय," तो जांभई देत म्हणाला. "इथे सिग्नल स्वच्छ असतो. लांब गेलं की पुन्हा जुनीच चाल. आकडे खराब दिसतात."

आपलं घर लांब आहे, हे या शहाण्याला पक्कं ठाऊक होतं. तिला राग आलाच नाही, नुसती किळस आली. तिने तिथूनच फोटो पाठवले. एका दमात गेले. मॅनेजरचं उत्तरही लगेच आलं: उशीर झाला, काम दुसऱ्यांना दिलं.

तिने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने वाचलं, समाधानाने मान डोलावली.

"बघ," तो म्हणाला, "उत्तर कसं चटकन आलं."