पिशोरहून सोडलेली मादी

औरंगाबादच्या बसस्टँडवर मी आभाळाकडे पाहून खूश होत होतो. भाद्रपदातलं गच्च ढगाळ आभाळ, सूर्य कुठे आहे ते कळू नये असं. बाकीचे प्रवासी छत्र्या सावरत होते आणि मी मांडीवर टोपली घेऊन हसत होतो. कंडक्टरने टोपलीकडे बोट दाखवलं.

"कोंबड्या?"

"कबुतरं. संशोधनाची आहेत."

"खायची असूद्यात न्हाईतर संशोधनाची. जागा तेवढीच अडतीय." त्याने टोपलीचंही तिकीट फाडलं.

मी पुण्यात प्राणिशास्त्र शिकवतो. कबुतर लांबून सोडलं तरी घरी येतं, पण सूर्य दिसत नसेल तर त्याला दिशा कशी कळते, हा माझा प्रश्न. पृथ्वीचं चुंबकत्व त्याला जाणवत असेल, तर डोक्यावर लहानसं चुंबक चिकटवल्यावर ते गोंधळायला हवं. म्हणून टोपलीत दोन माद्या होत्या. एकीला चुंबक लावायचं, दुसरीला तेवढ्याच वजनाचा पितळेचा तुकडा.

कबुतरं औरंगाबादेतल्याच गारखेड्याच्या बापूरावांची. शेती पिशोरला, ती धाकटा भाऊ दगडू पाहतो. बापूराव शहरात नोकरी करतात आणि गच्चीवर ढाबळ (कबुतरांचं लाकडी घर) सांभाळतात. पक्षी त्यांनीच निवडले होते. "पिल्लावरची मादी न्या, सर. ती हमखास येती. बिनपिल्लाचीचा काय भरवसा?" दोघींच्या घरट्यात पिल्लं होती. चुंबकासाठी जी ठरली, तिची तर डोळे न उघडलेली, पिवळ्या लवेची जोडी.

खुलताबादला गाडी थांबली. डोंगरावर धुकं उतरलं होतं आणि दर्ग्याचे घुमट त्यात अर्धे बुडाले होते. इतक्या शांत जागी मी चहाच्या टपरीवर बसून मादीच्या डोक्यावर चुंबक चिकटवायला घेतलं. चुंबक बसलं, पण गोंदाने माझा अंगठा आणि तर्जनीही एकमेकांना चिकटली. पुढे पिशोरपर्यंत मी चिमूटभर मीठ धरल्यासारखा हात घेऊन बसलो होतो. शेजारच्या आजींनी विचारलं, "बाबा, जन्मापासनं हाय का?"

पिशोरला दगडूने आधी माझी बोटं कोमट पाण्याने सोडवली, मग बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढला. जेवून आम्ही शेतात गेलो. पितळवाली उडाली, आभाळात वळसे घेतले आणि दक्षिणेला, शहराच्या दिशेला निघून गेली. चुंबकवाली मात्र घिरट्या घालत राहिली आणि मग सरळ उत्तरेला, डोंगरांकडे गेली. मी आनंदाने टाळ्या वाजवल्या.

दगडूने विचारलं, "टाळ्या कशापायी वाजवायलाव, सर? तिची पिल्लं तिकडं हायेत." त्याने दक्षिणेकडे हात केला.

परतीची गाडी पकडून मी गारखेड्याला पोचलो, तेव्हा उजेड उतरत होता. गच्चीवर बापूराव आणि त्यांच्या पत्नी, वहिनी, ढाबळीसमोर उकिडवे बसले होते. पितळवाली कधीच आली होती. दुसरं घरटं उघडं होतं. कबुतरांत दिवसा नर बसतो, संध्याकाळपासून मादी, पाळी ठरलेली. आपली वेळ संपली म्हणून नर उठला होता आणि दारात येरझारा घालत होता. पिल्लं एकमेकांना चिकटून थरथरत होती.

"बसंल का तो परत?" वहिनींनी मला विचारलं. असल्या प्रश्नांचाच मी तज्ज्ञ. "सांगता येत नाही," म्हणालो.

"मागच्या खेपेला न्हाई बसला," बापूराव म्हणाले. "पिल्लांवर फडकं टाकलं तर नर बुजून आत बी येईना. सकाळी पिल्लं लाकडावानी."

मग त्यांनी मान न वळवता सांगितलं, "मादी समोर हाय. अण्णाच्या गच्चीवर. दुपारी त्याचा थवा आभाळात होता, थकलेली ही त्यात शिरली आन् उतरली."

"मग मागा की!"

"मागत नसतेत, सर."

तहसिलीतून निवृत्त झालेले अण्णा गल्लीपलीकडचे. दोन्ही ढाबळींमध्ये जुनी दुश्मनी. दुसऱ्याचा पक्षी आपल्या गच्चीवर उतरला तर तो आपला. ज्याचा गेला त्याने मागायला जायचं नाही, गेला तर तो हरला. बापूरावांनी हे समजावून सांगितलं. मी सगळं नीट ऐकून घेतलं आणि जिना उतरून सरळ अण्णांकडे गेलो.

अण्णा धोतर खोचून दाणे पाखडत होते. निजामाच्या शाळेत उर्दूत शिकलेला माणूस, बोलणं घोळून घोळून. त्यांनी खिशातून माझं चुंबक काढून तळहातावर ठेवलं. "ही कारागिरी आपली? पाखराच्या डोक्यावर? शाबास. आणि आता बापूनं पाठवलं?"

"नाही. मीच आलो."

"बरं झालं. 'हो' म्हणाला असतात, तर पाखरू दिलं असतं आणि त्याची मान कायमची खाली गेली असती. आता पाखरू मिळायचं नाही. या आपण."

"तिची पिल्लं उघडी आहेत, अण्णा. नर उठला."

अण्णांचं सूप थांबलं. "पिल्लावरची आहे?"

"डोळे उघडायचेत अजून."

"पिल्लावरची मादी धरत नसतात. हा उसूल आहे!" ते ओरडलेच. "बापूनं सांगायला नको?"

"तुम्ही विचारायला नको?"

"बोलतो कोण, साहेब? तो सांगणार कुणाला, मी विचारणार कुणाला?"

त्यांनी जाळी उघडली. मादी कठड्यावर आली, पंख झटकले आणि एका झेपेत गल्ली ओलांडून गेली. पलीकडे बापूरावांनी मान वर केली नाही. ते फक्त दारातून बाजूला झाले. मी परत पोचलो तेव्हा ती घरट्यावर बसली होती आणि वहिनी पदराला डोळे पुसत होत्या. एक पिल्लू हलत नव्हतं.

सकाळी मी निघालो, तेव्हा दोन्ही गच्च्यांवरून एकही पाखरू उडालं नव्हतं. बापूरावांनी ओंजळीत धरलेलं पिल्लू तुळशीच्या कुंडीत पुरलं, हात झटकले आणि कुणाकडेच न बघता आभाळाला मोठ्याने सांगितलं, "एक जगलं!"

समोरच्या गच्चीवर अण्णा कठड्याशी आले. तेही आभाळालाच म्हणाले, "जपा त्याला."

पुण्याच्या गाडीत मी विचार करत राहिलो. डोंगरांकडे गेलेली ती मादी तिथून वळली कशी, हे मला ठाऊक नाही. आपल्या छपरापासून एका गल्लीवर आल्यावर परक्या थव्यात का शिरली, तेही नाही. चुंबक अण्णांनी मध्येच काढलेलं, म्हणजे चाचणी कागदावर मांडण्याजोगीही उरली नव्हती.

विभागप्रमुखांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काय, चुंबकवाली परत आली?"

"आली."

"म्हणजे चुंबकाचा परिणाम काहीच नाही म्हणायचा."

"झाला," मी म्हणालो, "एका पिल्लावर."