हेडफोनमध्ये प्रल्हाददादा

भूत, आत्मा असल्या गोष्टी मी कायम हसण्यावारी नेल्या. मी साउंड रेकॉर्डिस्ट... कानावर पडलेल्या प्रत्येक आवाजाचं कारण शोधणं हेच माझं काम. या एका आवाजाचं मात्र सापडलेलं नाही.

मी कळमनुरीचा. या लाइनीत मला आणलं प्रल्हाददादानं. तो सेनगावकडच्या तांड्यावरचा. मालिकांच्या सेटवर बूम धरायचा – म्हणजे लांब काठीला लावलेला माइक कलाकारांच्या डोक्यावर. मुंबईत आम्ही एकाच खोलीत राहायचो. तो भाकरी थापायचा, मी वांग्याची भाजी करायचो. शूटिंग संपून महिने लोटले तरी पैसे यायचे नाहीत. प्रॉडक्शन मॅनेजरचं उत्तर ठरलेलं – "चॅनलकडून आले की देतो." दादा हसायचा, "येतील रे. पैसे एसटीनं निघालेत." काय दिवस होते ते!

मग दादा आजारी पडून तांड्यावर परतला आणि तिथंच गेला. त्याच्या थकलेल्या पैशांसाठी सविता वहिनी मॅनेजरला फोन करत राहिल्या... त्यानं कधी उचललाच नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याच मॅनेजरच्या कंपनीचं शूटिंग जवळा बाजारला आलं. भर दुपारी, कापसाच्या शेतात, सगळ्यांना गप्प करून मी नुसती शांतता रेकॉर्ड करत होतो – एडिटिंगला लागते. दुसरा हेडफोन मॅनेजरनं सहज कानाला लावला होता. आणि स्पष्ट आवाज आला, "भाऊ, आवाज येऊन राहिला का? सविताचं तेवढं बघा."

दादाचाच आवाज! मी वळून पाहिलं, मागं कोणी नव्हतं. मॅनेजर मात्र वैतागला. "प्रल्हाद आलाय होय? त्याला सांग, या आठवड्यात देतो."

"सर... दादाला जाऊन वर्ष होत आलं."

तो तिथंच मातीत बसला. संध्याकाळच्या आत वहिनींच्या खात्यात सगळे पैसे जमा झाले.

ते रेकॉर्डिंग मी कितीदा ऐकलं. वारा आहे, लांब कुठं तरी जीपचा हॉर्न आहे. दादा नाही. दुसऱ्या माइकची गडबड म्हणावी, तर तेव्हा दुसरा माइक चालूच नव्हता. मग आम्ही दोघांनी ऐकलं ते काय? मला आजही सांगता येत नाही.

तांड्यावर जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बोलताना खोकून राहिले होते का? शेवटी शेवटी लय खोकायचे."

"न्हाई वहिनी. आवाज मोकळा होता."

"मग बरं हाय," म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.