देवी काढल्या का?

आमच्या घरात ‘देवी काढल्या’ या शब्दांचा एकच अर्थ होता, आणि तो आजोबांच्या मालकीचा होता.

बदलापूर गावात आमचं मूळ घर. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे देवादेवींचे ते चांदीचे लहान पत्रे, एका फडक्यात बांधले आणि उल्हास नदीवर जाऊन पाण्यात सोडून दिले. आजी रडली. शेजारच्या म्हाताऱ्यांनी आता घरावर कोप होणार म्हणून घाबरवलं, आणि पुढच्याच आठवड्यात आमची शेळी मेली. ‘म्हातारी झाली होती ती,’ आजोबा सांगायचे, आणि स्वतःच हसायचे. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती, की सांगताना ते शेळी विसरले तर मीच आठवण करून द्यायचे. दुसरी माणसं ‘आम्ही घर बांधलं’ ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात आजोबा ‘आम्ही देवी काढल्या’ म्हणायचे.

बाहेरच्या जगात देवी काढणे म्हणजे दंडावर लस टोचून घेणे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कोण कशाला सांगेल? माझ्या जन्मापूर्वीच देवीचा रोग देशातून गेला होता. शाळांच्या छापील फॉर्मवर मात्र देवी अजून मुक्कामाला होत्या, आणि त्यांनी आमच्या घराचं काय केलं तेच मी सांगणार आहे.

माझे बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरला कारकून होते. पश्चिमेला चाळीत आमची खोली होती. आडनाव गावावरून पडलेलं, त्यामुळे त्यावरून कुणाला काही कळायचं नाही. बाबांनीही कधी काही सांगितलं नव्हतं. तुम्ही खोटं बोललात असं त्यांना कोणी म्हणू शकलं नसतं, कारण ते बोलतच नसत. बोलायचं काम भिंतीवरचं कॅलेंडर करायचं. उल्हासनगरला ज्या दुकानातून आई कापड घ्यायची, तो सिंधी दुकानदार दरवर्षी लक्ष्मीचं कॅलेंडर द्यायचा. ‘ले जाओ बहेन, घर में बरकत रहेगी,’ म्हणायचा. दार उघडताच समोर दिसेल अशा जागी बाबांनी ती लक्ष्मी लावली होती. सगळ्या बौद्ध घरांत दर्शनी भिंतीवर असतो तो फोटो आमच्याकडे आत होता, मोरीच्या बाजूला, डब्यांच्या फळीवर.

आजोबा बदलापूरहून यायचे असले, की आदल्या दिवशी ही अदलाबदल व्हायची. लक्ष्मी सुरळी होऊन गादीखाली जायची आणि फोटो बाहेर यायचा. आजोबा गेले की फोटो परत फळीवर. मला यात काही वावगं वाटत नसे. पाहुणे येणार म्हणून आई चादर बदलायची, तसंच हेही, असं मी समजत होते.

मी पहिलीत जायच्या वर्षी बाबांनी अंबरनाथच्याच एका नावाजलेल्या शाळेचा हट्ट धरला. माझ्यासाठी धरला, हे मी मान्य करते. पण त्या शाळेत ‘चांगल्या घरातली’ मुलं जातात असंही ते म्हणायचे, आणि ते म्हणताना त्यांच्या आवाजात जे असायचं त्याची मला आजही लाज वाटते. बापाची लाज वाटणं बरं नव्हे. पण वाटते, त्याला मी काय करू?

टोचल्याचे दाखले असल्याशिवाय नाव घालत नाहीत, हे बाबांना माहीत होतं. ट्रिपल, पोलिओ, बीसीजी असं सगळं त्यांनी नगरपालिकेच्या दवाखान्यातून लिहून आणलं होतं. कागदांची पिशवी छातीशी धरून ते निघाले. आजोबाही आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. नात शाळेत बसणार म्हणून ते स्वच्छ धोतर नेसून पहिल्या गाडीने बदलापूरहून थेट शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. बाबांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. का उतरला ते मला कळलं नाही. आता कळतं. घरी कॅलेंडर भिंतीवरच होतं.

ऑफिसात गर्दी होती. आमच्याच चाळीतली, शेजारच्या खोलीतली काकू तिच्या मुलाला घेऊन आमच्या पुढे उभी होती. तिचं काम झालं, पण आमच्यासाठी थांबली. टेबलामागचे क्लार्क गमत्या स्वभावाचे होते. प्रत्येक मुलाला काहीतरी विचारून हसवत होते. माझा फॉर्म भरता भरता त्यांचं बोट एका रकान्यावर थांबलं.

‘हा एक जुना रकाना आहे. आता टोचत नाहीत, पण भरावा लागतो,’ असं काहीसं ते पुटपुटले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, ‘काय गं बाय, देवी काढल्या का?’

शाळेत मला विचारलेला पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर मला येत होतं! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आजोबांचा हात धरून मी मोठ्याने म्हणाले, ‘हो. आजोबांनी काढल्या. नदीत टाकल्या. मग शेळी मेली, पण ती म्हातारी होती.’

ऑफिस हसलं. क्लार्क तर खुर्चीत मागे रेलून हसले. मला वाटलं उत्तर फारच आवडलं, म्हणून मी राहिलेलंही सांगून टाकलं, ‘पण बाबांनी परत एक आणलीय. कॅलेंडरवाली. आजोबा आले की ती गादीखाली ठेवतात.’

यावर कोणी हसलं नाही. काकूचा हात तोंडावर गेला. ‘अय्या, म्हणजे तुम्ही...’ एवढंच ती म्हणाली आणि थांबली. त्या थांबण्यात जे होतं ते सगळं ऑफिसला कळलं, मी सोडून. आजोबांच्या हाताची माझ्या बोटांवरची पकड सैल झाली.

बाबा तेव्हा नुसते गप्प बसले असते तरी चाललं असतं. गप्प बसण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. नेमके त्या दिवशी ते बोलले. घाईघाईने, कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, ‘नाही नाही साहेब, लहान आहे, काहीतरी बोलते. आमच्याकडे आहेत ना देवी. लक्ष्मी आहे. रोज पूजा असते.’

त्यांच्या शेजारी त्यांचे वडील उभे होते.

‘अहो,’ क्लार्क हळू आवाजात म्हणाले, ‘मी टोचण्याचं विचारत होतो.’

मग ते फार सभ्य झाले. मघाशी सगळ्यांना हसवणारा माणूस आमच्याशी एकदम ‘बसा ना, बसा’ करू लागला. दाखले नीट तपासले, माझ्या दंडावरचा बीसीजीचा व्रण पाहिला, रकान्यात काहीतरी लिहिलं, शिक्का मारला. नाव घातलं गेलं. त्यांनी आमचा अपमान केला असता तर बाबांना निदान चिडता तरी आलं असतं. त्या सभ्यपणापुढे काही करता येईना. खाली मान घालून ते कागद पिशवीत भरत राहिले. आपण काहीतरी भयंकर केलं, एवढं मला तेव्हा कळलं. आपलं उत्तर चुकलं, पण कुठे चुकलं ते सापडेना. पुढे कितीतरी वर्षं वर्गात उत्तर येत असूनही मी हात वर केला नाही. बाईंनी विचारलं की पाठ असलेलंसुद्धा ‘माहीत नाही’ म्हणायचे.

बाहेर पडल्यावर बाबा ‘मी पुढे होतो, तुम्ही सावकाश या’ म्हणाले आणि झपाझपा निघून गेले. आजोबा आणि मी मागून चाललो. आजोबांनी रस्त्याच्या कडेला थांबून सदऱ्याची बाही वर केली. दंडावर रुपयाएवढे दोन खोलगट व्रण होते.

‘ह्याला बी देवी काढल्या म्हनतात,’ ते म्हणाले. ‘देवी डाक्टर यायचा गावात टोचाया. आमच्या वस्तीवर सगळ्यात शेवटी यायचा. लांबून बोलायचा, पन टोचताना त्याला हात धरायलाच लागायचा.’

‘मग मी चुकीचं बोलले?’

‘नाय गं पोरी. तू बोललीस ते बराबर.’

कॅलेंडरबद्दल त्यांनी मला काही विचारलं नाही. ते विचारतील म्हणून मी वाटभर त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

खोलीवर पोचलो तेव्हा बाबा स्टुलावर उभे होते. लक्ष्मी त्यांच्या हातात होती, अर्धी गुंडाळलेली. फोटो खाली भिंतीला टेकवून ठेवलेला. आई पाण्याचा तांब्या घेऊन मधे उभी. बाबांनी तिला काय घडलं ते सांगितलं होतं, हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. आम्हाला दारात पाहून बाबा स्टुलावरच थिजले. पकडलेल्या चोरासारखा त्यांचा चेहरा झाला. मला रडू आलं. बाबांना असं कोणीच पाहायला नको होतं, मी तर नाहीच.

आजोबांनी चपला काढल्या. आत आले. बाबांच्या हातातून कॅलेंडर घेतलं, उलगडलं, सुरकुती तळहाताने साफ केली. मला वाटलं फाडणार. बाबांनाही तेच वाटलं असणार, कारण त्यांनी डोळे मिटले.

‘ऱ्हाऊ दे रे,’ आजोबा म्हणाले. ‘तारखा बघाया लागतात.’

आणि टाचा उंच करून त्यांनी स्वतःच्या हाताने ती लक्ष्मी पुन्हा खिळ्याला लावली. ज्या हातांनी टाक नदीत सोडले त्याच हातांनी. मग फोटो उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि आत नेऊन फळीवर जिथे असायचा तिथे ठेवला. त्याची जागा त्यांना न सांगता ठाऊक होती. चहा घेतला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेले. जेवायला थांबले नाहीत.

त्या दिवसापासून अदलाबदल बंद झाली. आजोबा येत राहिले, पण नेहमी त्या भिंतीकडे पाठ करून बसत. देवी काढल्याची गोष्ट त्यांनी आमच्या खोलीत पुन्हा सांगितली नाही. एकदा मीच शेळीचं काढलं, तर म्हणाले, ‘जुनं झालं आता ते.’ चाळीतही फार काही घडलं नाही. काकू दिवाळीचा फराळ देत राहिली. आमचा घेतही राहिली, फक्त तिचा मुलगा आमच्या करंज्या खाताना मला कधी दिसला नाही. आई हळदीकुंकवाला जायची बंद झाली. विचारलं तर ‘पाय दुखतो’ म्हणायची. शाळेत टोचायला नर्स आली की मोठी पोरं ओरडायची, ‘पळा, देवीवाली बाई आली!’ सगळी पोरं सुईला भ्यायची. मी त्या शब्दाला भ्यायचे.

बाबांनी वर्षानुवर्षं कॅलेंडर बदललं. नव्वदच्या दशकात आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये फ्लॅट घेतला, आजोबांपासून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर. तिथेही हॉलमध्ये पहिला खिळा ठोकला गेला तो लक्ष्मीचाच. मी कॉलेजात होते, तोंडाने फटकळ झाले होते. ‘आता तरी काढा ना,’ असं एकदा म्हणालेही. ‘तुझे आजोबाच म्हणालेत ना राहू दे म्हणून,’ बाबा म्हणाले. त्या उत्तराचा मला इतका संताप आला, की त्यांच्याशी मी बरेच दिवस बोलले नाही.

आजोबा गेले. गावच्या घरी त्यांच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा विधी झाला. बाबांना दोन शब्द बोलायला उभं केलं. त्यांनी ती गोष्ट सांगायला घेतली. ‘आमच्या वडिलांनी छप्पन साली...’ एवढं म्हणाले आणि पुढे शब्द फुटेना. लोकांना वाटलं, दुःखाने. आई आणि मी जमिनीकडे बघत बसलो.

घरी आल्यावर बूटही न काढता ते भिंतीपाशी गेले. कॅलेंडर उतरवलं. आतून फोटो आणला आणि त्या खिळ्याला लावला, पण फोटो जड होता, खिळा हलायला लागला. फोटो खाली टेकवून ते हातोडीने खिळा ठोकत असताना समोरच्या फ्लॅटमधल्या आजी भेटायला आल्या. त्यांनी भिंत पाहिली. फोटो पाहिला. विचारलं, ‘अहो, तुमची लक्ष्मी कुठे गेली?’

‘काढली,’ बाबा म्हणाले. ‘वडिलांची इच्छा होती. जाताना सांगून गेले.’

आजोबा काही सांगून गेले नव्हते. शेवटच्या दिवसांत त्यांची वाचाच गेली होती, आणि त्याआधी लक्ष्मीबद्दल ते एकदाच काय ते बोलले होते, ‘ऱ्हाऊ दे रे’ एवढंच, ते मी दारात उभी राहून ऐकलं होतं. हे बाबांना माहीत होतं. मला माहीत आहे, हेही माहीत होतं.

आजींना बहुधा शंका आली. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, ‘हो का गं?’

बाबा खिळा ठोकायचे थांबले. त्यांची पाठ माझ्याकडे होती, आणि मान खांद्यांत गेली होती, त्या दिवशी शाळेच्या ऑफिसात गेली होती तशीच.

‘हो,’ मी म्हणाले. ‘आजोबांनीच सांगितलं होतं.’

बाबांनी वळून पाहिलं नाही. त्यांनी हातोडी उचलली आणि खिळा ठोकत राहिले, तो केव्हाच पक्का बसला होता तरी.