डाव्या टाकीचं कुलूप

बत्तीस वर्षांच्या नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले. पण ती डिझेलचोरीची फिर्याद आठवली की आजही आधी हसू येतं आणि मागोमाग लाज वाटते.

छत्रपती संभाजीनगरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एक ट्रकमालक तणतणत आले. मूळचे शेतकरी, शहागंजातला किराणा पैठणला पोचवणारा एकच जुना ट्रक त्यांचा. त्याचं इंजिन कामातून गेलं, म्हणून नव्या बनावटीचं दुसरं बसवून घेतलेलं. त्याला चारच दिवस झाले होते आणि तेवढ्यात टाकी दोनदा भरावी लागली होती.

“चोर बी ठाऊक हाय मला, साहेब. माझाच ड्रायव्हर! बावीस वर्षं माझ्या घरात जेवला, आन् आता हे!”

माणूस इतक्या ठामपणे बोलला की पोलीसही निम्मी चौकशी झाली असं धरून चालतो. मीही धरलं. त्यात आमच्या खबऱ्यानं फोन केला, की ड्रायव्हर पैठण रस्त्यावरच्या ढाब्यामागं रोज कॅन भरतो. मग काय! दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन पंच घेऊन आम्ही ढाब्यावर धडकलो आणि कॅनसकट त्याला रंगेहाथ पकडलं. मी ऐटीत झाकण उघडलं, वास घेतला.

ताक होतं.

“मालकासाठी नेतो, साहेब,” ड्रायव्हर म्हणाला. “त्यांना इथलं ताक लई आवडतं.”

पंच हसायला लागले. माझा मात्र पारा चढला. ट्रक, ताक आणि ड्रायव्हर, तिन्ही ठाण्यात आणले. मालकांनाही बोलावलं आणि आवारात गाडीचा पंचनामा केला. या गाडीला दोन्ही बाजूंनी एकेक टाकी. उजवीत तळाला थोडं डिझेल. डावीला कुलूप. मालकांनीच कित्येक वर्षांपूर्वी ती बंद करून किल्ली घरी देवघरात ठेवलेली. मी लिहायला सांगितलं, ‘डावी टाकी वापरात नाही, रिकामी आहे, मालकाच्या सांगण्यावरून.’ आणि खाली झोकात सही ठोकली.

मग ड्रायव्हरला समोर घेतलं. पन्नाशीचा, हर्सूलला राहणारा, अंगानं किरकोळ माणूस. मी नको तितका आवाज चढवला. डिझेल कुणाला विकतोस, कधीपासून विकतोस, साथीदार कोण, सगळं विचारून झालं.

“म्या एक थेंब नाय घेतला,” तो परत परत म्हणत होता. शेवटी त्याचे डोळे भरले. “साहेब, मारा पायजे तर. पण चोर म्हणून नाव झालं, तर उद्या कोण मला गाडी देईल? मला दुसरं काय येतंय?”

सराईत चोर आधी वकिलाचं नाव काढतो. हा गाडीचं बोलत होता. मी प्रश्न थांबवले, पण त्याला बाकावरून उठू दिलं नाही.

दुपारी आमचे म्हातारे हवालदार सावली बघून ट्रकला टेकले. हातात काठी. बाजारात कलिंगड वाजवून बघावं तशी त्यांनी सहज उजवी टाकी वाजवली. ठण्ण! पलीकडं जाऊन डावी वाजवली. बद्द!

“साहेब,” ते दारातून म्हणाले, “रिकामी टाकी लई भरल्यावाणी वाजती.”

इंजिन बसवणाऱ्या मेकॅनिकला मी बोलावून घेतलं आणि मालकांना किल्ली आणायला पिटाळलं. मेकॅनिक गाडीखाली शिरला आणि बाहेर आला तो कान पकडूनच.

“नव्या इंजिनाला जुन्या बारीक नळ्या पुरत नाहीत, साब. म्हणून सगळ्या जाड टाकल्या. हे इंजिन डिझेल खेचतं भरपूर, लागेल तेवढं जाळतं, बाकीचं दुसऱ्या नळीनं टाकीत परत पाठवतं.”

“कुठल्या टाकीत?”

“उजवीचं परतीच्या नळीचं तोंड गंजून गेलं होतं. म्हणून ती नळी तूर्तास डावीला जोडली.” तेवढ्यात मालक किल्ली घेऊन आले, तसा मेकॅनिक त्यांच्याकडं बोट करून म्हणाला, “मैं बोल्या था सेठ कू! सेठ फोन पे थे, मुंडी हलाए!”

मालकांनी हळदीकुंकू लागलेली किल्ली लावली. झाकण निघालं. डिझेल काठोकाठ! इतके दिवस चोरी उजवीकडं होत होती आणि माल डावीकडं मालकांच्याच कुलपात जमा होत होता.

मालक आत बाकावरच्या ड्रायव्हरपाशी गेले. “चुकलं रे माझं,” एवढंच म्हणाले.

मी ड्रायव्हरला जायला सांगितलं. तो उठेना. “साहेब, लिवून द्या.”

संशयिताला बोलावण्याचे छापील नमुने आमच्याकडं ढीगभर. निर्दोष माणसाला हातात द्यायला एक नाही. मी कोरा कागद घेतला. डावी टाकी स्वतः उघडून पाहिली, डिझेल गाडीतच मिळालं, चालकाचा काहीही दोष नाही, असं लिहून सही-शिक्का केला. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. सकाळी ज्या खुर्चीत बसून मी त्याच्यावर ओरडलो होतो, तीच खुर्ची होती.

त्या दिवसापासून कुठल्याही पंचनाम्यात ‘सांगण्यावरून’ हा शब्द दिसला, की मी कागद परत पाठवायचो. आधी झाकण उघडा, मग लिहा.

कागद घडी करून खिशात ठेवता ठेवता ड्रायव्हर थांबला. “साहेब, ताकाचं बी लिवा. ते मालकासाठीच होतं.”

मी तेही लिहिलं. मग त्यानं टेबलावरचा कॅन उचलून पेला भरला आणि मालकांपुढं धरला. दिवसभराच्या उकाड्यानं ताक आंबून गेलं होतं. मालकांनी तोंड वाकडं न करता पेला रिकामा केला आणि आणखी मागितलं.