सुभेदाराची भाकरी

आकाराम हवालदाराचा जगात एकाच जिवावर विश्वास होता, आणि तो जीव अठ्ठ्याहत्तर सालच्या माघात एका सकाळी उंबऱ्याशेजारच्या पोत्यावर मरून पडला. कुत्रा होता. नाव सुभेदार.

"कुणीतरी इख घातलंय त्याला," हवालदार म्हणाला.

"आवं, बारा वर्सांचं कुत्रं. म्हातारं झालं हुतं," त्याची बायको मनुबाई म्हणाली.

"म्हातारं? काल चार वाजता माज्या हातची भाकरी घिऊन गेलं की! ह्यात काळंबेरं हाय."

हवालदाराला सगळ्यातच काळंबेरं दिसायचं. मूळ गडी कराडशेजारच्या मलकापूरचा. फौजेतून हवालदार म्हणून सुटला. सुभेदारकी हुकली, ती कुणीतरी साहेबाचे कान भरले म्हणून, हे त्याचं ठाम मत. फौज सुटल्या साली गावाकडून पिशवीत घालून एक पिल्लू आणलं आणि सरकारनं न दिलेली सुभेदारकी त्याला देऊन टाकली. रोज सकाळी त्याला सलामही ठोकायचा. पुढं कुपवाडच्या एका फौंड्रीत गेटवर नोकरी लागली, तसं त्यानं बायकोच्या माहेरी, कुपवाडलगतच्या गावात घर बांधलं.

संशय हाच मग त्याचा पोटापाण्याचा धंदा झाला. पाळी सुटली की कामगारांची झडती. डबे उघडायला लावायचा, उरलेल्या भाकरीची घडीसुद्धा उलगडून बघायचा. न जाणो, आत पितळेचा तुकडा असायचा. पोरं म्हणायची, "हवालदार सोताच्या सावलीलाबी पास मागतोय." पण अंगवळणी पडलेली वर्दी काय घरी आल्यावर उतरते? शेजारच्या राजमतीअक्कांनी मधलं शेराच्या झुडपांचं कुंपण हातभर सरकवलं, असा आळ त्यानं तीन वर्षांमागं घेतला होता. जैनाची विधवा बाई, मुंगी वाचवून पाऊल टाकणारी. त्या एवढंच म्हणाल्या, "हवालदार, असलं बोलू नगा." तेव्हापासून दोन्ही घरांची बोलचाल बंद.

सुभेदाराचं मात्र नेमानं चालायचं. चार वाजता सायकल दारात टेकली की बूट काढायच्या आधी हवालदार सकाळची जोंधळ्याची भाकरी हातात धरून ओरडायचा, "सुभेदार, राशन!" कुत्रं ती अख्खी भाकरी तोंडात धरून शेपूट हलवत घरामागं जायचं आणि घटकाभरानं जिभल्या चाटत यायचं. कुणाच्या नजरेसमोर खात नाही, याचं हवालदाराला भारी कौतुक. म्हणायचा, "माज्यावर गेलंय. कुणावर इस्वास न्हाई त्याचा."

कडुलिंबाखाली त्याला पुरलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता सवयीनं हवालदारानं भाकरी उचलली, "सुभेदार" म्हणाला आणि राशन म्हणायचं राहूनच गेलं. भिंतीकडं तोंड करून तो रडला. मुलगा व्हावा म्हणून नवस केले तेव्हाही इतका रडला नव्हता.

मग डोळे पुसून तपासाला लागला. तिसऱ्या दिवशी, सुट्टीच्या वारी, घरामागं राजमतीअक्कांच्या बाजूच्या कुंपणात त्याला एक भोक सापडलं, येऊन-जाऊन गुळगुळीत झालेलं. हात घातला तर पलीकडं जर्मनची ताटली. तळाला पांढरं, वाळलेलं काहीतरी चिकटलेलं. त्यानं वास घेतला, पण जीभ लावली नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून ताटली ट्रंकेत कुलपात ठेवली.

दुपारी मनुबाई नेहमीसारखी पाठमोरी बसून आमटीत भाकरी कुस्करत होती. सहज म्हणाली, "राजमतीअक्कांनी दूध सोडलंय. बस्तीच्या देवळात मुनीम्हाराजांफुडं वर्सभराचा नेम घेतलाय म्हनं."

"कवापास्नं?"

"झालं की दोन दिस."

हवालदारानं मांडीवर थाप मारली. दुधातून विष घातलं, आणि आता पाप धुवायला दूध सोडलं! पोलीस पाटलाकडं जायचंच. चारचौघांत या बाईचं सोवळेपण उघडं पाडायचं. पण आधी तिच्या तोंडून वदवून घ्यायचं, तेव्हा कुठं सुभेदाराच्या आत्म्याला शांती मिळेल.

संध्याकाळी, सूर्य बुडायच्या आत राजमतीअक्का जेवायला बसतात, हे त्याला ठाऊक होतं. नेमका तोच मुहूर्त साधून तो त्यांच्या सोप्यात उभा राहिला आणि कागद सोडून ताटली पुढं धरली.

"ह्यात काय घालत हुता?"

राजमतीअक्का ताटावरून उठल्या. ताटली बघून त्यांचे डोळे भरले.

"भाकरी. तुमचीच."

"माजी?"

"त्यो तुमची भाकरी तोंडात धरून यायचा आनि माज्याफुडं ठिवायचा. मी ती दुधात भिजवून, कुस्करून द्यायची. माज्या वाटणीच्या दुधात. आता त्यो गेला तर दूध घशाखाली उतरंना, म्हनून नेमच घेतला."

"भिजवून कशापायी? कुत्र्याला भाकरी भिजवून?"

त्यांनी नवलानं त्याच्याकडं बघितलं. "आवं हवालदार, त्याला दात कुटं हुते? दोन वर्सं झाली पडून. पन तुमची भाकरी त्यानं कवा खाली टाकली न्हाई. सांगनार हुते, पन तुमच्याशी बोलायची चोरी."

रोज तीनशे माणसांचे डबे उघडून बघणाऱ्यानं आपल्या कुत्र्याचं तोंड दोन वर्षांत एकदाही उघडून बघितलं नव्हतं. वाळून कडक झालेली भाकरी रोज त्याच्या तोंडात देत होता, आणि ते बिचारं शेपूट हलवून घेत होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"अक्का, चुकलो," तो म्हणाला. "कुंपनाचंबी चुकलो."

"बसा. पानी घ्या," त्या म्हणाल्या. तो बसला नाही. ताटली त्यांनी त्याच्याकडंच राहू दिली.

घरी दिवा लागला होता. मनुबाईनं त्याला वाढलं आणि आपलं ताट घेऊन पाठमोरी बसली. भाकरी आमटीत कुस्करू लागली. हवालदार तिच्या हाताकडं बघत राहिला.

"मने, हिकडं तोंड कर. उघड."

"आँ? म्या काय चोरलंय?"

"उघड म्हंतो न्हवं!"

तिनं हसत तोंड उघडलं. दोन्हीकडच्या दाढा गेलेल्या.

"कवा गेल्या ह्या?"

"झाली की पाच वर्सं."

तिचं ताट हवालदारानं स्वतःकडं ओढलं, आणि भाकरी बारीक, अगदी बारीक कुस्करायला लागला. मनुबाई आयुष्यात पहिल्यांदाच नवऱ्याकडं संशयानं बघत बसली.