सुलेखामावशी बंदूक शिकवतात

डब्लिनच्या मराठी मंडळींत सुलेखामावशींची उंची हा चेष्टेचा विषय होता. पाच फुटाला दोन बोटं कमीच, आणि आवाज असा की फोनवर पलीकडचा म्हणे, "बाळ, आईला दे." आठवडाभर हॉस्पिटलात लोकांचं रक्त काढायचं आणि शनिवारी गावाबाहेरच्या शिकारी क्लबात पोरांना बंदूक शिकवायची! हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा प्रफुल्ल पोट धरून हसला होता. आता त्याच मावशींपुढे तो मान खाली घालून उभा होता. शेजारी त्याची अकरा वर्षांची हर्षिता, दुखरा खांदा चोळत.

घडलं ते असं. हर्षिताची मैत्रीण आजोबांबरोबर सशांच्या शिकारीला जायची. त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, हर्षितालाही बोलावणं आलं. तिची आई सोनल भडकली, "विहारात पंचशील घ्यायचं आणि इथे ससे मारायचे?" दोन दिवस वाद चालला. पोरगी रडली आणि बाप विरघळला. इथवर ठीक होतं. पण प्रफुल्लला घाई भारी! ऑफिसातल्या कुणाची तरी बारा बोअरची जड बंदूक मागून आणली, पोरीला घेऊन त्याच्याच शेतावर गेला, आणि "काही नाही होत गं, पहिला बार तुझा!" म्हणून दिली पोरीच्या हातात. धक्क्यानं ती चिखलात उताणी पडली. खांदा काळानिळा झाला. त्याहून वाईट म्हणजे ती बापाकडे बघेनाशी झाली. त्याच्या एका शब्दावर झाडावरून उडी टाकणारी पोर, "आय अ‍ॅम फाइन" म्हणून दार लावून घ्यायला लागली. प्रफुल्लला सशांचं काही पडलं नव्हतं. त्याला आपली पोरगी परत पाहिजे होती.

"इंजिनियर ना रे तू?" मावशी कडाडल्या. "एवढीशी पोर आणि बारा बोअर! अक्कल काय गहाण ठेवली होतीस? आण ती इकडे."

त्यानं गाडीतून बंदूक आणून दिली. मावशींनी काडतूस घातलं, एक पाय पुढे टाकला, थोडं वाकून दस्ता खांद्यात दाबला. धाड! शेजारच्या बाकावरचा कॉफीचा कप थरथरला, मावशींचा चष्मा जागचा हलला नाही. प्रफुल्ल बघतच राहिला. बाई आहे की काय आहे!

"मलाही पाडलं होतं पहिल्या बारानं," त्या हर्षिताला म्हणाल्या. "कामठीला, एनसीसीच्या कॅम्पात. सगळ्या हसल्या. माझे बाबा फौजेत हवालदार, ते मात्र म्हणाले, बंदूक तुझ्या मापाची नव्हती, एवढंच."

मग त्यांनी लहान बंदूक काढली, दस्ता कापून आखूड केलेली. काडतुसं हलकी. पोरीच्या कानांत बोळे, वरून जाड झाकणं, कारण निम्मा धक्का आवाजाचाच असतो म्हणे. दस्ता घट्ट, गाल टेकलेला. आधी रिकाम्या बंदुकीनं वीसदा करून घेतलं, मग खरा बार. हर्षितानं डोळे गच्च मिटले आणि समोरची माती उडाली. पुन्हा तेच. मावशींनी बंदूक काढून घेतली.

"बास. डोळे मिटून मारलं तर ससा मरत नाही, लंगडत बिळात जातो आणि तडफडत मरतो. सोनलचा राग मला पटतो, पण मी मटण खाते, मला सोवळं मिरवता येत नाही. मारायचं तर बघून, नाहीतर मारूच नये."

हर्षिताचे डोळे भरले. "आय कान्ट. मीच एकटी स्केअर्ड आहे."

"घाबरायचं काय त्यात?" प्रफुल्ल बोलून गेला.

"असं? ये मग, दाखव." मावशींनी पाठ फिरवून बंदूक भरली आणि त्याच्या हातात दिली. प्रफुल्लनं छाती काढून नेम धरला, चाप ओढला. टक्! बार उडालाच नाही. आत खोटं काडतूस होतं. बंदूक गप्प, आणि सहा फुटी प्रफुल्लचे डोळे मिटलेले, मान खांद्यांत, नळी जमिनीकडे! शेजारचे दाढीवाले धिप्पाड गडी बघत होते, पण एकही हसला नाही. त्या सगळ्यांना मावशींनी कधी ना कधी हे काडतूस दिलेलं होतं.

ना टोमणा, ना उपदेश. बाईनं सुई टोचल्याचं कळू न देता आतलं बाहेर काढलं होतं.

"बाबा, यू आर स्केअर्ड टू?"

हसून टाळता आलं असतं. पण मावशी समोर होत्या, आणि पोरगी कितीतरी दिवसांनी त्याच्याकडे बघत होती.

"हो गं. त्या दिवशीही फाटली होती माझी. म्हणून तर पहिला बार तुला दिला."

हे त्यानं सोनललाही सांगितलं नव्हतं. हर्षिता हलली नाही. आता ही कायमची गेली, असं त्याला वाटलं. मावशींनी बंदुकीत खरं काडतूस घातलं.

हर्षिता पुढे आली. तिनं दस्ता धरून त्याच्या खांद्यात नीट बसवला. "टाइट धरा. गाल टेकवा." मग मागे जाऊन दोन्ही तळवे त्याच्या पाठीला लावले. "आता डोळे उघडे."

बार उडाला. प्रफुल्लनं तो पाहिला.

"ओके," मागून आवाज आला. "नाऊ मी. बाबा, तुम्ही मागे उभे राहा."